टोकन देण्याआधी

तेल्लापूरच्या एका साइट ऑफिसात शनिवारी सकाळी अकरालाच पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काचेखाली टॉवरांची प्रतिकृती, भोवती गर्दी, आणि हातात लेझरची कांडी घेऊन एकेका मजल्यावर लाल ठिपका नाचवणारा विक्री विभागातला मुलगा. नांदेडहून आलेलं एक जोडपं सातव्या मजल्यावरच्या पूर्वाभिमुख फ्लॅटपाशी थांबलं होतं. तो गच्चीबावलीत सॉफ्टवेअर कंपनीत, ती शाळेत शिक्षिका. मुलगा म्हणाला, "ईस्ट फेसिंग दोइच बचे साब. टोकन डाल देओ, अब्बी ब्लॉक कर देतूँ." टोकन दोन लाखांचं. नवऱ्याने फोन बाहेर काढला.

"आधी बँकेत विचारून येऊ ना. उगं घाई कशाला करायलात?" ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं, बँकेचाच मेसेज आलाय की. पंच्याहत्तर लाख प्री-अप्रूव्ड."

त्या दिवशी त्यांनी टोकन दिलं नाही. त्या बाईंनी जे ओळखलं होतं, त्यावरच हा लेख आहे. यंदाच्या अंकाचा विषय 'घर' ठरल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा मी हैदराबाद निवडलं, कारण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि या शहराशी आपलं नातं जुनं आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी हे मराठी माणसांचे जुने मोहल्ले. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी शाळा याच भागातली. आज देवगिरी एक्स्प्रेसने नोकरीसाठी उतरणारी पिढी मात्र पश्चिमेकडे, मियापूर, कोंडापूर, नल्लागंडला, तेल्लापूरकडे राहते. भाड्याच्या घरात दोन-चार वर्षं काढते आणि मग घर बघायला लागते. बहुतेकजण घर आधी बघतात, कर्जाचं नंतर. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत तिथल्या बँका, वकील आणि साइट ऑफिसं पाहून झालं आहे.

मेसेज आणि मंजुरी

फोनवर येणारा 'तुमच्यासाठी पंच्याहत्तर लाखांचं गृहकर्ज तयार आहे' हा मेसेज म्हणजे जाहिरात. खात्यात जमा होणारा पगार आणि क्रेडिट स्कोअर बघून संगणक तो पाठवतो. त्यात तुमचे इतर हप्ते, जोडीदाराचं उत्पन्न, नोकरीची वर्षं यांची नीट छाननी झालेली नसते. तत्त्वतः मंजुरी ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, कागद द्यावे लागतात, बँक क्रेडिट अहवाल मागवते आणि मग लेखी कळवते की अमुक इतक्या रकमेपर्यंत, अमुक मुदतीसाठी आम्ही कर्ज देऊ शकतो. मात्र तुम्ही निवडलेलं घर आमच्या कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीत उतरलं तरच. हे पत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं. व्याजदर मात्र त्यात बांधलेला नसतो. कर्ज प्रत्यक्ष उचलताना जो दर असेल तो लागतो.

एका सरकारी बँकेच्या गृहकर्ज केंद्रात मूळच्या सोलापूरच्या एक अधिकारी भेटल्या. त्यांच्या टेबलावर फायलींच्या दोन थप्प्या होत्या. त्यांनी एकीवर हात ठेवला. "यांनी घर ठरवून अर्ज केलाय. आणि यांनी," दुसरी थप्पी फारच लहान होती, "आधी मंजुरी मागितलीय. पहिल्या ढिगातल्या माणसाला मी रक्कम कमी केली की तो माझ्यासमोर रडवेला होतो, कारण टोकन देऊन बसलेला असतो. दुसऱ्याला कमी सांगितली तर तो म्हणतो, बरं, मग लहान घर बघतो."

पगाराचा कागद कसा वाचतात

नोकरदाराकडून बँक तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट, दोन वर्षांचा फॉर्म सोळा आणि विवरणपत्रं मागते. त्या अधिकारी बाईंनी नाव झाकून एक स्टेटमेंट उलगडून दाखवलं. हातात लाल पेन. पगाराची ओळ त्यांनी सोडून दिली. खुणा केल्या त्या दर महिन्याच्या पाच तारखेला जाणाऱ्या रकमांवर. एक गाडीचा हप्ता, एक मोबाइलचा, एक कुठल्याशा अ‍ॅपवरून घेतलेल्या छोट्या कर्जाचा. क्रेडिट कार्डावर दर महिन्याला किमान रक्कमच भरली जात होती. तिथे त्यांनी दोनदा रेघ ओढली.

हिशेब असा होतो. हातात येणारा पगार एक लाख वीस हजार. सगळे हप्ते मिळून निम्म्याच्या पुढे जाऊ नयेत, असं बँकेने धरलं तर साठ हजार. आठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एका लाखाला साधारण ८३६ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज निघतं ७१ लाखांच्या आसपास. पण गाडीचा बारा हजारांचा हप्ता चालू असेल तर उरतात ४८ हजार, आणि कर्ज ५७ लाखांवर येतं. गाडीच्या हप्त्यापायी घराचे चौदा लाख गेले. हा आकडा टोकन देण्याआधी कळला तर माणूस आधी गाडीचं कर्ज फेडू शकतो, पत्नीला सहअर्जदार करून तिचा पगार जोडू शकतो, किंवा सहा महिने थांबू शकतो. नंतर कळला तर मित्राकडे हात पसरणं किंवा जास्त व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढणं एवढंच उरतं. आणि त्या नव्या कर्जाचा हप्ता पुन्हा गृहकर्जाची मर्यादा खाली ओढतो.

स्कोअर ३०० ते ९०० यांमध्ये असतो आणि तो चांगला असेल तर अनेक बँका व्याजही कमी लावतात. पण अहवालात चुका निघतात. फेडलेलं कर्ज थकलेलं दिसतं, कधीकाळी तडजोडीने मिटवलेलं कार्ड 'सेटल्ड' म्हणून चिकटून राहतं. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. हा नियम २०१७पासून आहे, तरी घर घेण्याआधी तो मागवणारे मला कमीच भेटले. चुकीबद्दलची तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४पासून लागू झाली आहे. म्हणजे दुरुस्तीला महिना जाणार हे धरूनच चालायला हवं. टोकनची मुदत मात्र अनेकदा पंधरा दिवसांची असते. शिवाय घाबरून एकाच आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज केले, तर त्या चौकश्यांचीही अहवालात नोंद होते आणि स्कोअर उतरतो.

ऐंशी लाखांचं घर, तेहतीस लाखांची तयारी

कर्ज किती मिळेल हे कळलं की दुसरा प्रश्न उभा राहतो, पदरचे किती लागतील? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच.

तेलंगणात मुद्रांक शुल्क, हस्तांतरण शुल्क आणि नोंदणी फी मिळून साडेसात टक्के होतात. जुलै २०२१पासून हे दर आहेत. बांधकाम चालू असलेल्या घराला पाच टक्के जीएसटी वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो नाही. आता ५७ लाखांची मंजुरी हातात आहे आणि ऐंशी लाखांचं चालू बांधकामातलं घर आवडलं आहे असं धरा. घराच्या किमतीतले २३ लाख आपले, नोंदणीचे सहा, जीएसटीचे चार. झाले ३३ लाख. पार्किंग, क्लबहाउस, सोसायटीचा कॉर्पस फंड अजून यायचाच आहे. साइट ऑफिसातला कागद 'प्रति चौरस फूट' एवढाच दर मोठ्या अक्षरांत दाखवतो. बाकीच्या ओळी तळाला बारीक टाइपात असतात.

नांदेडच्या त्या जोडप्याच्या मागे गावाकडची काही गुंठे जमीन आहे. ती विकून वडील पैसे देणार आहेत. पण जमीन विकायला गिऱ्हाईक मिळणं, फेरफार, पैसे हातात येणं याला किती महिने लागतात हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. बँक स्वतःचे पैसे, ज्याला ती मार्जिन मनी म्हणते, आधी भरल्याचा पुरावा मागते आणि मगच आपला पहिला हप्ता सोडते. तत्त्वतः मंजुरीसाठी बसलं की ही बेरीज कागदावर मांडावीच लागते, आणि वडिलांना जमिनीची बोलणी कधी सुरू करायची तेही सांगता येतं.

जुन्या घराच्या व्यवहारात आणखी एक पेच येतो. विक्रेता म्हणतो, साठ लाखांचा कागद करू, वीस रोख द्या. ऐंशी लाखांवर ८० टक्क्यांनी ६४ लाखांपर्यंत कर्ज बसू शकलं असतं. साठ दाखवले की ते ४८वर येतं. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याने २०१५पासून बंद केलं आहे. मंजुरीचं पत्र हातात असलेला माणूस इथे सरळ सांगू शकतो की माझे पैसे बँकेतून येणार आहेत, पूर्ण किमतीचा कागद करणार असाल तर बोला.

जमिनीची परीक्षा

इथपर्यंत बँकेने माणूस तपासला. हैदराबादेत खरी अडचण पुढे आहे. तत्त्वतः मंजुरीचं पत्र जमिनीबद्दल एक अक्षरही सांगत नाही, आणि या शहरातल्या जमिनीचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. जहागिरी, पैगा, इनाम, वक्फ, कमाल धारणा कायद्यात अतिरिक्त ठरलेल्या जमिनी, असे सगळे थर एकावर एक आहेत.

बँकांसाठी मालकीहक्क तपासणाऱ्या एका वकिलांच्या कचेरीत मी बराच वेळ बसलो. हैदराबादेत फ्लॅटच्या मागचे सगळे जुने खरेदीदस्त 'लिंक डॉक्युमेंट' म्हणून ओळखले जातात. त्यातली एक कडी नसली तरी फाइल अडते. वकिलांपुढे कोंडापूरकडच्या एका जमिनीची फाइल होती. शेवटून सुरुवात करून ते मागे मागे जात होते. भोवतालच्या प्लॉटांचे दस्त, मग ले-आउटची परवानगी, शेतजमीन बिगरशेती झाल्याचा कागद, मग १९५४-५५ची खासरा पहाणी. मराठवाड्यातल्या माणसाला हा कागद ओळखीचा, आपल्याकडचं खासरा पत्रक त्याच काळातलं. त्याच्याही खाली एक पिवळट उर्दू कागद निघाला, तारीख फसली १३५०, म्हणजे इसवी सन १९४०-४१. वकिलांनी तो बाजूला ठेवला. उर्दू वाचून देणारे एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी येणार होते.

बोजा दाखला, ज्याला सगळे 'ईसी' म्हणतात, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर १९८३पासूनचा मिळतो. त्याबरोबर नोंदणी कायद्याच्या २२-ए कलमाची यादीही पाहावी लागते. सरकारी, वक्फ, देवस्थानाच्या आणि कमाल धारणेतल्या ज्या जमिनींच्या नोंदणीला मनाई आहे, त्यांचे सर्व्हे नंबर तिच्यात असतात. हे दोन्ही कुणालाही घरबसल्या बघता येतं. फक्त सर्व्हे नंबर विचारायचा. तो सांगायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

इमारतीचीही एक गोष्ट इथे आहे, जी पुण्या-मुंबईकडच्या माणसाला सहसा माहीत नसते. २०१२च्या बांधकाम नियमांनुसार बिल्डरला परवानगी घेताना एकूण बांधकामाच्या दहा टक्के भाग महापालिकेकडे किंवा विकास प्राधिकरणाकडे तारण ठेवावा लागतो. बहुधा तळमजला, पहिला किंवा दुसरा. नकाशाप्रमाणे बांधून भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की तो सुटतो. त्याआधी त्या फ्लॅटांचे व्यवहार अडकतात आणि बँक तिथे कर्ज देत नाही. वयस्क आई-वडिलांसाठी खालचा मजला शोधणाऱ्या कुटुंबाला नेमका हाच फ्लॅट दाखवला जाऊ शकतो. तारण ठेवलेल्या फ्लॅटांचे क्रमांक मंजूर नकाशात दिलेले असतात. नकाशाची प्रत मागून ते बघणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे.

तलावाची हद्द आणि स्वस्त दर

जुलै २०२४मध्ये तेलंगण सरकारने तलाव आणि सरकारी जमिनी वाचवण्यासाठी 'हायड्रा' ही यंत्रणा उभी केली. ऑगस्टमध्ये माधापूरच्या तम्मिडीकुंटा तलावाकाठचं एन कन्व्हेन्शन सभागृह पाडलं गेलं, तेव्हा टीव्हीवर बघणाऱ्यांना ती बड्या लोकांची गोष्ट वाटली. सप्टेंबरमध्ये अमीनपूर, मल्लमपेट, कुकटपल्लीच्या तलावांकाठची बांधकामं पाडली जाऊ लागली, आणि कर्ज काढून घर घेणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं ती रेषा म्हणजे 'एफटीएल'. दहा हेक्टर किंवा मोठ्या तलावाच्या रेषेपासून तीस मीटर आणि लहान तलावापासून नऊ मीटर मोकळं सोडायचं असतं. तलाव उन्हाळ्यात आटलेला असतो आणि घर दाखवतात ते कोरड्या रस्त्यावरून नेऊन. कर्ज मिळालं म्हणजे घर कायदेशीर, हा अनेकांचा समज त्या महिन्यात मोडला.

दुसरा धोका स्वस्त दराचा. परवानगी यायच्या आधीच 'प्री-लाँच' म्हणून बाजारभावापेक्षा खूप कमी दराने फ्लॅट विकायचे, पण पैसे एकरकमी घ्यायचे. स्थावर संपदा व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या 'रेरा' कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार प्रकल्पाच्या नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंगही करता येत नाही. तरी ही दुकानं चालली. साहिती इन्फ्राटेक या कंपनीने अमीनपूरच्या प्रकल्पासाठी परवानग्या नसताना ग्राहकांकडून मोठ्या रकमा घेतल्याचा आरोप झाला. डिसेंबर २०२२मध्ये पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली. २०२४मध्ये सक्तवसुली संचालनालयानेही कारवाई केली. अशा व्यवहारात गृहकर्ज मिळत नाही, कारण नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला बँक हात लावत नाही. लोक मग वैयक्तिक कर्ज काढतात, सोनं मोडतात, गावची जमीन विकतात. ज्या घराला बँक गृहकर्ज द्यायला तयार नाही, त्या घरात आयुष्याची पुंजी घालू नये, एवढी एकच अट ज्यांनी पाळली ते या फसवणुकीतून वाचले.

टोकनची पावती

म्हणून क्रम असा असावा. आधी क्रेडिट अहवाल, मग तत्त्वतः मंजुरी, मग घरं बघणं. आवडलेल्या घराचा सर्व्हे नंबर, रेरा क्रमांक आणि मंजूर नकाशा घेऊन बँकेकडे परत. मोठ्या प्रकल्पांना बँकांनी आधीच तपासून मान्यता दिलेली असते. तुमच्या बँकेची ती आहे का, हे एका फोनवर कळतं. मान्यता असली तरी आपण निवडलेला फ्लॅट तारणातला नाही ना, हे वेगळं विचारावं. जुन्या घरासाठी स्वतःचा वकील लावावा. त्याची फी टोकनपेक्षा कितीतरी कमी असते.

आणि टोकन द्यायचंच झालं तर पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी, 'बँकेने कायदेशीर किंवा तांत्रिक कारणाने कर्ज नाकारल्यास ही रक्कम इतक्या दिवसांत पूर्ण परत केली जाईल.' रेरा कायद्याच्या तेराव्या कलमानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. ते कलमही मोबाइलमध्ये जवळ असू द्यावं. ही ओळ लिहून द्यायला कांकूं करणारा माणूस आपल्या कागदांबद्दल काय सांगतो आहे, ते ऐकावं.

नांदेडच्या जोडप्याने पुढे बँकेत रीतसर अर्ज केला. पंच्याहत्तर लाखांचा मेसेज आला होता, मंजुरी त्याहून बरीच कमी निघाली. पत्नीचा पगार जोडल्यावर ती थोडी वाढली. आता ते लहान घरं बघतायत, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ती बाई विचारते, "सर्व्हे नंबर किती?"

माझी एक मागणी बँकांकडे आहे. जमिनीच्या कायदेशीर तपासणीची फी ग्राहक भरतो, पण वकिलाचा अहवाल बहुतेक वेळा बँकेच्या फाइलीतच राहतो. ग्राहकाला 'मंजूर' किंवा 'नामंजूर' एवढंच कळतं. नामंजूर झालं तर तोच फ्लॅट पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला दाखवला जातो, आणि त्या माणसाला काहीच माहीत नसतं. ऑक्टोबर २०२४पासून बँकांना कर्जाच्या सगळ्या खर्चाचं ठळक विवरण ग्राहकाला द्यावं लागतं. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत न दिल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियमही डिसेंबर २०२३पासून आहे. त्याच न्यायाने ज्याने पैसे मोजले त्याला जमिनीचा अहवालही मिळाला पाहिजे. वीस वर्षं हप्ता तो भरणार आहे. त्या जमिनीखाली काय आहे, हे बँकेइतकंच त्यालाही कळण्याचा हक्क आहे.